घरातल्या मोठ्या माणसाला विचारा

प्रणालीवहिनीने कम्प्युटरवर स्टोअर उघडलं, हवं ते ॲप शोधलं, बटण दाबलं आणि कम्प्युटरने तिला शुद्ध मराठीत सांगितलं, ‘यासाठी तुमच्या कुटुंबातील मोठ्या व्यक्तीला विचारा.’

वहिनी फार आज्ञाधारक नाही, पण घाईत होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली. आमच्या कुटुंबातली मोठी व्यक्ती, म्हणजे माझी आई पार्वताबाई, तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

“आई, कम्प्युटरवर एक ॲप घेऊ का?”

“केवढ्याचं हाय?”

“फुकट हाय.”

“मंग घे ना. फुकटचं काहून इचारून राहिली?”

वहिनी परत आली, बटण दाबलं. कम्प्युटर म्हणाला, मोठ्या व्यक्तीला विचारा.

“आई हो म्हणाल्या,” वहिनी त्याला म्हणाली. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. मग तिने मला हाक मारली.

मी नितेश, तिचा दीर. अमरावतीत कठोरा नाक्याजवळ आमचं घर आहे आणि मी बीसीएला आहे. त्यामुळे घरातली वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या खात्यात येते. मिक्सर बिघडला तरी आई म्हणते, “फी कायची भरून राहिलो आमी?”

प्रकरण साधं नव्हतं. वहिनीची दुसऱ्या दिवशी अकराला परीक्षा होती. नागपूरची एक कंपनी पीकविम्याचे आकडे तपासायला माणसं घेत होती. काम घरी बसून करायचं, पगार बरा, आणि वहिनीचं एमएस्सी स्टॅटिस्टिक्समध्ये. परीक्षा एकदाच, आपल्याच घरातून, खोलीत एकट्याने आणि कॅमेऱ्यासमोर द्यायची. ती देण्याचं ॲप फक्त त्या स्टोअरमध्ये मिळत होतं. मोबाइल चालणार नव्हता. माझा लॅपटॉपही चालणार नव्हता, कारण कॅमेऱ्यावरून कोणी आपल्यावर पाळत ठेवू नये म्हणून मी त्यावर टेप लावली होती, आणि टेप काढताना कॅमेराच निघून आला होता.

“भाऊजी, हे आज झालं नाही ना, त मी गेली कामातून,” वहिनी म्हणाली. तिने अकोल्याला वडिलांनाही सांगितलं नव्हतं. लागल्यावर सांगू, म्हणत होती.

मी कम्प्युटर बंद करून चालू केला. तारीख-वेळ बरोबर आहे का पाहिलं. इंटरनेटचा डबा काढून परत लावला. स्टोअरचा साठलेला कचरा साफ केला. दर उपायानंतर मी ‘विचारा’ हे बटण दाबून पाहत होतो, आणि दर वेळी खाली छोटी ओळ येत होती, ‘तुमची विनंती पाठवली आहे.’

ती ओळ आईने वाचली. आई चष्मा नसला तरी संशयास्पद ओळ वाचू शकते.

“पाठवली? कोणाले पाठवली?”

“असं लिहिलेलं असते आई.”

“असं कसं असते? चिठ्ठी पाठवली म्हणजे घेणारा कोणीतरी असन ना?”

आईने शेंगांची परात आणून कम्प्युटरच्या समोरच बैठक मारली. तिला आधीपासून एक संशय होताच. आमच्या घरातल्या बातम्या कोणीतरी अकोल्याला पोचवत होतं.

वहिनीचे वडील खुशालराव गावंडे अकोल्यात कौलखेडला राहतात. एसटीत तिकीट तपासनीस होते. रस्त्यात मध्येच बस थांबवून चढायचं आणि प्रत्येक माणसाच्या डोळ्यात पाहायचं, यात त्यांची हयात गेली. आता रिटायर झाले, पण नजर रिटायर झालेली नाही. आमच्याकडे आले की पोह्यांची बशी घेतानाही दोन्ही बाजूंनी पाहून घेतात.

लग्नाला आठ महिने झाले. दर सोमवारी सकाळी त्यांचा वहिनीला फोन येतो, आणि त्या फोनमध्ये ते असं काहीतरी विचारतात की अख्खं घर गार पडतं. एकदा विचारलं, “बाई, केस गळून राहिले काय? डोक्यावरचा पदर काढून दाखव बरं व्हिडिओत.” वहिनीची वेणी कमरेपर्यंत आहे. तिने दाखवली. त्यांनी ती ओढून दाखवायला लावली. तरी आठवड्यात माक्याच्या तेलाचं पार्सल आलं.

आता गळत कोणाचे होते? किशोरदादाचे. माझा भाऊ मोर्शीला शाळेत शिक्षक आहे आणि त्याच्या डोक्याचा मागचा भाग मुलांच्या पाठांतराचा विषय झाला आहे. हे आम्ही घराबाहेर बोललो नव्हतो.

दुसऱ्या एका सोमवारी ते म्हणाले, “नापास झालं म्हणून खचाचं नसते बाई.” वहिनी विद्यापीठात पहिली आलेली. नापास मी झालो होतो, तेही सप्लीमध्ये, म्हणजे फेरपरीक्षेत, आणि ते तर मी आईलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आईला ते अकोल्यावरून कळलं.

त्यानंतर घरात चौकशी सुरू झाली. आईचा संशय माझ्यावर होता, कारण मी वहिनीकडून पेट्रोलला पैसे घेतो. माझा संशय दूधवाल्यावर होता. दादाचा कोणावरच नव्हता, त्यामुळे आईला तो सगळ्यात जास्त संशयास्पद वाटला.

तर, मी कम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरलो. हा कम्प्युटर लग्नातला आहे. अकोल्याला रुखवत मांडलं होतं तेव्हा कुरडयांचा मनोरा आणि सुपारीचे नवरा-नवरी यांच्यामध्ये हा हार घालून उभा होता. “हा माह्याकडून. मी सोता चालू करून देतो,” म्हणत खुशालरावांनी कोणालाही हात लावू दिला नव्हता. वऱ्हाड जेवत असताना ते एकटे याच्यासमोर बसून काहीतरी भरत होते.

खात्याचं पान उघडलं. मी वाचलं. मग परत वाचलं.

“वहिनी, तुमी बसून घ्या.”

“बसलीच हाय मी.”

“यात तुमचं नाव हाय, प्रणाली किशोर बोंडे. खात्याचा प्रकार, बालक. वय, शून्य वर्षं.”

आईने शेंग हातातच धरली. “किती?”

“शून्य. तान्ही हाय ते. आणि हिचा पालक हाय खुशालराव गावंडे, अकोला. हिनं काही घ्याचं म्हटलं की परवानगी त्याह्यले मागते हा. आणि दर सोमवारी सकाळी त्याह्यले अहवाल जाते. हिनं किती वेळ कम्प्युटर पाह्यला, काय काय शोधलं, सगळं.”

या कम्प्युटरवर खातं एकच होतं, वहिनीचं. वापरत मात्र आम्ही चौघं होतो.

मी मनात आठवू लागलो. ‘कांद्याच्या रसाने टक्कल बरे होते का’ हे दादाने शोधलं असणार. ‘सप्लीत नापास झाल्यावर घरी कसे सांगावे’ मी. ‘घरी न सांगता गोव्याला जायची स्वस्त गाडी’ हेही मीच. म्हणजे खुशालरावांच्या हिशेबाने त्यांच्या एकुलत्या एक लेकीला टक्कल पडत होतं, ती नापास झाली होती आणि कोणालाही न सांगता गोव्याला निघून चालली होती.

माक्याचं तेल या मानाने शांतपणे उचललेलं पाऊल होतं.

आई उठली. तिने दिवाणावरची चादर काढून कम्प्युटरवर टाकली, माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, “तो आता आयकून राहिला काय?”

“नाही आई, आयकू नाही येत त्याह्यले,” मी कुजबुजलो.

“मंग तू हळू काहून बोलून राहिला?”



“बोंड्यायच्या घरात चौकी बसवून गेला हा माणूस! हार घालून!” आई चादरीकडे पाहून बोलली. मग एकदम परातीपाशी जाऊन बसली. तिलाही काहीतरी आठवलं असावं.

वहिनीने वडिलांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा लावणार तोच त्यांचाच आला. तिने स्पीकरवर टाकला.

“बाबा, तुमी त्या कम्प्युटरमध्ये—”

“काही बोलू नको. बाजूले कोणी उभं असन. मी बसमध्ये हाय, मूर्तिजापूर सोडलं.” फोन कट.

“काहून येऊन राहिले हे?” आईने विचारलं.

मी चादर उचलून मोजलं. दुपारपासून मी ‘विचारा’ अकरा वेळा दाबलं होतं.

दिवेलागणीला खुशालराव फाटकातून आत आले. खांद्यावर पिशवी, अंगात खाकी स्वेटर. आईने “या इवाईबुवा” म्हटलं, त्यांनी मान डोलावली आणि सरळ वहिनीकडे जाऊन तिची वेणी ओढली. वेणी आली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा जरा जोर लावून ओढली.

“दुखते ना बाबा!”

“अस्सल हाय,” ते म्हणाले. पण समाधान झाल्यासारखे दिसले नाहीत.

तोवर दादा मोर्शीहून आला होता. मी त्याला दारातच सगळं सांगितलं होतं आणि त्याने घरात टोपी घालून ठेवली होती. खुशालरावांनी आम्हा सगळ्यांना दिवाणावर ओळीने बसवलं आणि स्वतः मधोमध उभे राहिले. पाय जरा फाकवून, बस चालू असल्यासारखे.

“लग्नात तुमी काहीच मागतलं नाही,” ते आईला म्हणाले. “मले तवाच डाऊट आला होता.”

“आता हे नवीन!” आई म्हणाली. “नाही मागतलं तरी गुन्हा?”

“आणि आज दुपारपासून पोरीच्या नावावर मागण्या सुरू झाल्या. एकामागं एक. स्टोअरातून हे पाह्यजे, मंजूर करा. मी नामंजूर केलं, की पुन्हा. नामंजूर, की पुन्हा. तोंडानं मागत नाही, मशीनीतून मागता काय, इहीनबाई?”

“मामाजी, ते मी दाबून राहिलो होतो,” मी म्हटलं.

“तू थांब. तुहा नंबर यायचा हाय.” त्यांनी खिशातून मोबाइल काढला. “कांद्याचा रस कोणाले पाह्यजे होता?”

ते ओळीच्या टोकापासून एकेकाच्या डोळ्यात पाहत सरकू लागले. दादापाशी थांबले. दादाने टोपी काढली. खुशालरावांनी वाकून नीट पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. “तेल तुमी लावत जा जावईबापू. पोरीले गरज नाही.”

“सप्ली?”

मी हात वर केला.

“गोवा?”

मी हात खाली घेतलाच नव्हता.

“आणि हे. ‘सून ऐकत नसेल तर काय करावे.’”

आता आम्ही सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. आईने पदर सारखा केला. “हो, मीच. त्यात काय? इचारलं एकदा. पण उत्तर काही धड नव्हतं त्यात. समजून घ्या म्हणे.”

“घेतलं काय समजून?”

“घेऊन राहिली ना! आठ महिन्यात किती घ्याव माणसानं?”

वहिनीला हसू आलं. ते पाहून खुशालरावांचे खांदे जरा खाली आले. मग त्यांनी मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ नेला. “एक राहिलं. ‘दिवसभर घरी मन लागत नसेल तर काय करावे.’ दोन वेळा शोधलेलं हाय. हे कोणाचं?”

दादा दिवसभर शाळेत असतो. मी दिवसभर कुठे असतो हा वेगळा विषय आहे, पण घरी नसतो. आई घरी असते, पण तिला मन लागत नाही असं कधी झालेलं नाही. सगळ्यांची मान एकाच दिशेला वळली.

“माझं हाय ते,” वहिनी म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. “तुमी सगळे सकाळी चालले जाता. आई त्याह्यच्या कामात. दोन वाजता भांडे होऊन जाते, मंग पाच वाजेपर्यंत मी त्या भिंतीकडे पाह्यतो. एवढं शिकून भिंत पाह्यतो. मनून नोकरीचा अर्ज केला. उद्या परीक्षा हाय, बाबा. ते स्टोअरातलं त्याच्यासाठीच पाह्यजे.”

“मले काहून नाही सांगतलं?” हे खुशालराव आणि आई दोघंही एकदम म्हणाले, आणि मग एकमेकांकडे संशयाने पाहू लागले.

“तुमाले उद्याची परीक्षा सांगतली होती ना आई.”

“परीक्षा सांगतली. भिंतीचं नाही सांगतलं.” आई तिच्याकडे पाहत राहिली. “दोन ते पाच मी बी त पडूनच राह्यतो इकडे. म्हणाचं नाही काय, का चला आई, बाजारात जाऊन येऊ?”

“तुमी झोपता.”

“झोपत नाही. डोये बंद करून राह्यतो. तू बोलत नाही, मी काय करू?”

मी चादर काढली, कम्प्युटर चालू केला आणि खुशालरावांपुढे खुर्ची सरकवली.

“मामाजी, एक सांगा. वहिनीचं वय शून्य काहून टाकलं तुमी?”

“खोटं कुठं टाकलं?” ते चिडले. “त्यानं नाव इचारलं. मी म्हटलं, प्रणाली किशोर बोंडे. मंग जन्म इचारला. आता गावंड्याची प्रणाली कवा जन्मली ते मले पक्कं मालूम हाय, मी दवाखान्याच्या बाहीर उभा होतो. पण बोंड्याची प्रणाली? ते त लग्नाच्याच दिवशी जन्मली ना? मी लग्नाची तारीख टाकली.”

कम्प्युटरच्या कोणत्याही पुस्तकात याचं खंडन मिळणार नाही.

“मंग तो म्हणे, लेकरू लहान हाय, बापाची परवानगी लागन.” खुशालराव पडद्याकडे पाहत होते. “मले बरं वाटलं. सकाळपासून सगळे मलेच सांगून राहिले होते, इथं उभे राहा, तिकडं सही करा, आता बाजूले व्हा. हा पहिला कोणीतरी होता, बापाले इचारून राहिला होता.”

वहिनी त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

उपाय सोपा होता. ॲपवर प्रौढांसाठी असा शिक्का होता, त्यामुळे शून्य वर्षांच्या मुलीला ते परवानगीनेही मिळालं नसतं. जन्मतारीख बदलायची, आणि ती फक्त पालकालाच बदलता येत होती. त्यांनी पासवर्ड टाकला, मला तोंड फिरवायला लावून. मग गावंड्यांच्या प्रणालीची तारीख टाकली. कम्प्युटरने विचार केला आणि खाली एक चौकट आली. ती त्यांनी मोठ्याने वाचली.

“ही व्यक्ती प्रौढ आहे. ती तुमच्या कुटुंब गटातून बाहेर पडेल. यापुढे तिच्याबद्दल तुम्हाला काहीही कळवले जाणार नाही. पुढे जायचे?”

त्यांनी माउसवरून हात काढला.

“म्हणजे सोमवारचं बंद?”

“हो मामाजी.”

“मी रोज फोन करतो ना बाबा,” वहिनी म्हणाली.

“फोनवर तू म्हणते, सगळं बरं हाय. मी एवढी वर्षं बसमध्ये चढलो बाई. माणसाले इचारलं त सगळेच म्हणतात, तिकीट हाय.” ते तिच्याकडे वळले नाहीत. “यात मले कमीत कमी खरं समजत होतं.”

“खरं समजत होतं?” आई म्हणाली. “तुमाले समजलं होतं, पोरीले टक्कल पडलं!”

“ते भिंतीचं त खरं होतं ना, इहीनबाई.”

आईने मान डोलावली. हे मी या घरात पहिल्यांदा पाहिलं.

वहिनी खाली वाकली. “बाबा, भाकर मले अजून गोल जमत नाही. ह्याह्यचं घोरणं ऐकून मी दोन महिने झोपली नाही. परवा डाळ करपली ते आईनं कोणाले सांगतलं नाही, मी बी नाही सांगतलं. आणि उद्या पेपर हाय, मले लय भेव लागून राहिलं. असं सांगत जाईन. चालते?”

खुशालरावांनी तेव्हा वळून तिच्या डोळ्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बसमध्ये एखाद्या प्रवाशाकडे त्यांनी एवढा वेळ पाहिलं असतं तर त्याने दुसरं तिकीट काढलं असतं. मग त्यांनी बटण दाबलं.

वहिनी एका क्षणात मोठी झाली. ॲप दोन मिनिटांत उतरलं. पण खुशालराव खुर्चीवरून उठेनात. त्यांच्या मोबाइलवर नवी ओळ आली होती. त्यांनी ती आम्हाला दाखवली. ‘तुमच्या कुटुंबात सध्या कोणीही नाही. एखादी व्यक्ती जोडायची?’

त्यांच्या घरी खरंच कोणी नाही. वहिनीची आई जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही सगळे ती ओळ पाहत उभे राहिलो.

“नितेशले टाका,” आई म्हणाली.

“मले काहून?”

“तुह्यावर कोणीतरी लक्ष ठेवाले पाह्यजेच. गोव्याले चालला होता!”

“आई, मी मोठा हाय! कायद्यानं!”

“जन्मतारीख काय टाकू?” खुशालरावांनी विचारलं. त्यांचा चेहरा एकदम कामाला लागल्यासारखा झाला होता.

“आजची टाका,” आई म्हणाली. “आजच समजला हा आपल्याले.”

माझ्या लॅपटॉपचा पासवर्ड कोणी सांगितला हे मला अजून कळलेलं नाही. माझा संशय वहिनीवर आहे.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या वेळी खोलीत वहिनी एकटीच हवी होती, म्हणून आम्ही सगळे बाहेर ओट्यावर बसलो. फाटकाशी खुशालराव उभे होते. दूधवाल्याला त्यांनी आत सोडलं नाही. पोस्टमनचं ओळखपत्र पाहिलं. आई ऊन खात शेंगा सोलत होती आणि मधूनमधून “झालं काय, झालं काय” विचारत होती. पेपर संपला तेव्हा वहिनी बाहेर आली आणि वडिलांना पहिलं वाक्य म्हणाली, “दोन प्रश्न चुकले.” त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी कठोरा नाक्यावरून जिलेबी आणली.

नोकरी लागली. आता दोन ते पाच वहिनी आकडे तपासते आणि आई तिच्या बाजूला बसून डोळे उघडे ठेवून पाहते. मधेच म्हणते, “हा मोर्शीचा आकडा मले खरा नाही वाटत.” वहिनी म्हणते, आईचा अंदाज बरेचदा बरोबर निघतो.

सोमवारचा फोन आता मला येतो. “काल तीन घंटे पिच्चर पाह्यला तू,” खुशालराव म्हणतात. “आणि हे ‘पालकाला न कळता गटातून बाहेर कसे पडावे’ काय हाय?” मागच्या आठवड्यात मी एक साधा गेम घ्यायला गेलो. लॅपटॉप म्हणाला, मोठ्या व्यक्तीला विचारा. मी विचारलं. पाच मिनिटांत अकोल्यावरून उत्तर आलं. नामंजूर. खाली त्यांनी स्वतः टाइप केलं होतं, “आधी सप्ली काढ. तेल पाठवलं हाय, ते किशोररावले दे, तू लावू नको.”